मास्क दिला

४ मार्च
वकीलबाईंकडे तीन तास बसलो. वयाने आमच्या धाकटीएवढी, पण ऐकून घेते. ह्यांच्या छातीचा फोटो उजेडाकडे धरून म्हणाली, "काकू, ही सगळी दगडाची पूड." कंपनीच्या दगड दळण्याच्या विभागात बावीस वर्षं मुकादमी केली ह्यांनी. हाताखाली बारा माणसं. त्यातले चौघे गेले. त्यांच्या बायका, उरलेले आठ आणि हे — सगळ्यांनी मिळून भरपाईचा दावा लावलाय. मिळाली तर ह्यांच्यासाठी घरी प्राणवायूचं यंत्र घेता येईल. देवा, एवढं कर!

९ मार्च
हे आता खुर्चीतच टेकून झोपतात. आडवं झालं की धाप.
दुपारी चाळणीवाला आला, ह्यांच्या हाताखाली पूड चाळायचा तो. दोन जिने चढायला पाव तास लागला म्हणे. "वहिनी, मागून गोगलगाय येत होती, तिला पुढे जाऊ दिलं!" हसता हसता खोकत बसला. निघताना हळूच म्हणाला, "मिळेल ना हो आपल्याला?" मिळेल म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे.

१७ मार्च
कंपनीचं उत्तर आलं. मास्क रोज दिले होते, कामगारांनीच वापरले नाहीत! पुरावा म्हणून वही जोडलीय. वकीलबाईंनी तिची नक्कल पुढे सरकवली.
माझं अक्षर!
दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी हे ती वही घरी आणायचे. ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. "तू मॅट्रिक आहेस, तूच लिही." भाजी शिजेपर्यंत महिना भरून व्हायचा — बारा नावं, प्रत्येकापुढे रोजचा रकाना, प्रत्येक रकान्यात 'मास्क दिला'. घरखर्चाच्या वहीसारखं, पट्टीने रेघा मारून. साहेबांनी अक्षराचं कौतुक केलं तर मी दोन दिवस हवेत! एकदाच विचारलं होतं, "देतात ना हो खरंच?" "ऑर्डर गेलीय. येतील." मी पुढचा रकाना भरला. मास्क कधी आलेच नाहीत.
वकीलबाईंना तिथेच सगळं सांगितलं. हे खाली मान घालून बसले होते. तिने नक्कल पुन्हा पानापानाने चाळली. मग म्हणाली, "वही खोटी ठरली तर त्या बारा घरांचा दावा उभा राहतो. पण काका, खोटी वही देणाऱ्या मुकादमाला कोर्ट काही देईल, असं नाही वाटत."

२१ मार्च
कंपनीचा माणूस घरी आला होता. गोड बोलणारा. चपला बाहेर नीट काढल्या. "मुकादम, वही खरी आहे एवढंच कोर्टात सांगा. दुसऱ्या दिवशी यंत्र दारात. माणुसकी म्हणून."
तो गेल्यावर हे म्हणाले, "सांगून टाकतो. तुला तरी कोर्टात उभं राहावं लागणार नाही."
खरं लिहायचं तर — मलाही यंत्र हवंय! देवापुढे बसले, पण जप मोजता येईना. सारखी ती बारा नावंच तोंडात.

२३ मार्च
वकीलबाईंना निरोप धाडला — साक्षीदारांत माझं नाव घाला. मग ह्यांना सांगितलं. "तुम्ही वही खरी म्हणालात तर मी उठून खोटी म्हणेन."
"नवऱ्याला भर कोर्टात खोटं पाडशील?"
"पाडेन."
"आणि यंत्र कुठून आणशील गं?"
मी ह्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली आणि स्वयंपाकाला लागले.

२ एप्रिल
कोर्टात ह्यांना आधी बोलावलं. वही पुढे ठेवली. ह्यांनी एकेका नावावरून बोट फिरवलं, बाराही. धाप लागली, थांबले. मग म्हणाले, "अक्षर बायकोचं आहे. खोटं माझं आहे."
मला बोलावलंच नाही.