आखूड स्क्रूड्रायव्हर आणि भावाचं पत्र

सूनबाई,

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचं पत्र आलं होतं. भांडणानंतरचं पहिलंच. त्याला मी उत्तर दिलं नाही. त्यात एवढंच होतं, "खिशात बाळगायला छोटा स्क्रूड्रायव्हर कोणता घेऊ? तू सगळं वाचतोस, तूच सांग." मी खरंच वाचत बसलो. चुकीचं सांगितलं तर तो हसेल, या भीतीने आठ मसुदे फाडले.

आज सकाळी तू दोन स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे ठेवलेस. "बाबा, यातला कोणता खिशात ठेवू?" मी म्हटलं, "अगं, लिफ्ट दुरुस्त करणारी तू, मला काय कळतंय?" तू बूट घालता घालता हसलीस. "मला कळतं हो. पण तुमच्याशी बोलायला काहीतरी निमित्त नको का?"

तू गेल्यावर मी त्यातला आखूड उचलून पाहिला आणि थक्क झालो. बोटाएवढा तो दांडा, पोटात चार टोकं दडवलेला. एवढ्याशा वस्तूच्या आडून माणूस माणसाला हाक मारतो! भावाने तर चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. त्याला माझा सल्ला कशाला हवा होता?

तुझ्यासाठी आखूड निवडलाय, बसताना टोचणार नाही. माझं चुकलं असेल तर खुशाल दुसरा घे. हे तोंडावर बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहिलं. जरा पडलोय, चहाला उठव.

भावालाही आखूडच घे म्हणून लिहिलंय, आणि तो दाखवायला ये म्हणून. पत्र स्वतः टपालपेटीत टाकून आलो.