पोचल्याची खुशाली

अलेक्झांड्रिया, गव्हाच्या मळणीचे दिवस

ती. झोसिमेताईस,
सा. न. वि. वि.

पोचून महिना होऊन गेला. पत्र मुद्दाम लिहिलं नाही. आईलाही कळू दे, वाट बघणं काय असतं.

हिवाळा सरून समुद्र उघडला त्या दिवशी ईसिस देवीची नाव पाण्यात लोटली. आपल्या किंख्रिया बंदरातल्या झाडून सगळ्या खलाशांच्या आयांनी तिच्यामागे दूध ओतलं. आई मात्र घरात बसून राहिली. का, तर ती आता ख्रिस्ताच्या मंडळीतली, देवीपुढे दूध ओतणं तिला चालत नाही! हे सगळं तुझ्यामुळे. तूच तिला त्या लोकांत जेवायला नेलंस.

क्रीट बेटाजवळ वादळानं शीड फाडलं. शीड कुणाचंही फाटतं गं. पण खलाशी सगळे आपल्याच बंदरातले, त्यांनी आई आली नाही हे पाहिलं होतं. म्हणाले, ज्याची आई देवीला मानत नाही त्याच्या हाती आम्ही जीव देणार नाही. मालकानं सुकाणू काढून दुसऱ्याला दिलं. मी तांडेल होतो, आता दोर गुंडाळतोय.

आईला सांग, पुढच्या वर्षी दूध ओतणार नसेल तर मला मुलगा म्हणू नये.

तुझ्यावरची माया मात्र सुटता सुटत नाही, काय करू.
अर्तेमास

किंख्रिया, द्राक्षं भरत आली

चि. अर्तेमासास आशीर्वाद. द्यायची इच्छा नाही, पण रीत मोडत नाही.

मुद्दाम लिहिलं नाहीस! शाबास. मालकावरचा राग आईवर काढलास. वड्याचं तेल वांग्यावर.

आमच्यातही एक रीत आहे. घरचं माणूस समुद्रावर असलं की त्याची खुशाली येईपर्यंत उपास धरायचा, आणि आपल्या वाटची भाकरी विधवांच्या टोपलीत टाकायची. दूध ओतणं सोडलं म्हणून आईनं तुला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. दिवस मावळल्यावर जवाच्या भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून खायची, तेवढंच. मी भांडले, रडले. ती म्हणायची, त्याची खुशाली आली की पोटभर जेवीन.

मग तुमच्या मागून निघालेलं गलबत परत आलं. त्यावरच्या एकानं सांगितलं, अर्तेमासचं गलबत अलेक्झांड्रियाच्या बंदरात पाहिलं, पण सुकाणूवर दुसराच माणूस होता. आईनं काय समजायचं? जिवात जीव असेतो तू सुकाणू सोडणार नाहीस, अशी तिची खात्री. तिनं तो तुकडाही सोडला.

रविवारच्या जेवणात आमच्या मंडळीचे वडील स्ताखिसबाबा यांनी तिच्या उपासाचं कौतुक केलं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "बाबा, कौतुक पुरे. तिला जेवायला सांगा." त्यांनी सांगितलं नाही. तुझ्यावर जितकी, तितकीच मी त्यांच्यावरही चिडले आहे.

तुझं पत्र आलं ते मी शब्दन् शब्द वाचून दाखवलं. मुलगा म्हणू नये, हे ऐकून ती हसली. मग म्हणाली, "जिवंत आहे ना? आण भाकरी." दोन घास गिळले. तिसरा उतरला नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. आमच्या लोकांनी तिला बंदराच्या वरच्या उतारावर पुरलं.

वेळेवर जेवत जा. याहून जास्त माया आज माझ्याकडे मागू नकोस.
झोसिमे

अलेक्झांड्रिया, नाईलला पूर चढतोय

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

ताईचं उत्तर अजून नाही. रुसली असणार. म्हणून थेट तुलाच लिहितो. तिच्याकडून वाचून घे, पण तिला मधलं काही गाळू देऊ नकोस.

राग गेलेला नाही. मालकावर आहे, त्या भेकड खलाशांवर आहे, तुझ्यावर तर आहेच. पण मुलगा म्हणू नये, हे लिहिल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. तेवढे शब्द परत घेतो. दूध नको ओतायचं तर नको ओतूस. मला दुसरं गलबत मिळेल.

उद्या निघतोय. धक्क्यावर ये. दिसलीस की आधी कडकडून भांडणार आहे, मग दोघं जेवायला बसू.

तोवर हवी तितकी रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
तुझाच मुलगा,
अर्तेमास