पांढऱ्या कापडाची उपमा

२७ मे १९६२, रविवार

आज समाजाच्या सभेत गंगाधररावांनी वनजाला कापड म्हटलं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

दरवर्षीसारखा सत्कार होता. एस.एस.एल.सी., म्हणजे मॅट्रिक, पास झालेल्या प्रत्येकाला पांढरा पंचा. तो घरी नेऊन आपल्या हाताने रंगवायचा आणि ज्येष्ठ पौर्णिमेला देवीपुढे आणून ठेवायचा — आम्हा रंगाऱ्यांची जुनी रीत. आता निम्म्या घरांत रंगाचं काम उरलेलं नाही. कुणी बँकेत, कुणी रेल्वेत. पण पंचा सगळे रंगवतात. यंदाचे पंचे अध्यक्षांनी, म्हणजे गंगाधररावांनी, आपल्या दुकानातून दिले. म्हणून भाषणही त्यांचंच.

माझ्या धाकट्या बहिणीचा, वनजाचा, पंचा त्यांनी उंच धरला. "मुलगी म्हणजे हे पांढरं कापड. पहिला चढेल तो रंग कायमचा. कॉलेजचा रंग चढल्यावर सासरचा चढेल काय? म्हणून म्हणतो, कोरं आहे तोवर द्या!" मग माझ्याकडे बोट. "आमच्या जगन्नाथरावांची बी.ए. बघा की! झाला रंग पक्का. आता कोण घेतो?"

हशा. ते जगन्नाथराव, म्हणजे माझे अप्पा, तेही हसले. मान खाली घालून, पण हसले. ते मी विसरणार नाही. गंगाधररावांना तर मुळीच सोडणार नाही.

२८ मे

वनजाच्या कॉलेजच्या, पी.यू.सी.च्या अर्जावर अप्पा आज सही करणार होते. केली नाही. अर्ज देवळीत ठेवून दिला.

"सुम्मने, उगाच घाई कशाला? गंगाधरराव बोलले ते अगदीच खोटं नाही, जया."

मी म्हटलं, अप्पा, ती नुसती उपमा आहे, ते कारण नव्हे.

"मला कळलं की नाही? मग झालं."

हेच तर! कारण सांगितलं असतं तर अप्पांनी चार शंका काढल्या असत्या. उपमेला कोण शंका विचारतो? डोळ्यांसमोर कापड आलं, आणि अप्पांचा सगळा जन्म कापडात गेलेला.

माझं एम.ए. तरी ठरलेलं आहे. त्याची काळजी नाही. पण वनजा दिवसभर त्या देवळीकडे बघत होती.

१ जून

नरसिंहाचार सरांकडे गेले. तर्कशास्त्र त्यांनीच शिकवलेलं. सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे बरं.

म्हणाले, "उपमा कवीच्या हातात असेल तर मान डोलवा. तोंड चंद्रासारखं म्हटलं तर डाग शोधू नका. पण तीच उपमा दाखवून कुणी तुमच्याकडून काही करून घेत असेल, तर आधी विचारा — या दोन गोष्टी कुठे सारख्या नाहीत?" मग वर्गातलं त्यांचं ते आवडतं उदाहरण: राज्य म्हणजे जहाज, आणि जहाज एकाच नावाड्याच्या हाती शोभतं, असं मोठमोठे तत्त्वज्ञ सांगून गेले. "पण कुठे जायचं हे नावाडी ठरवतो की उतारू?"

मी म्हटलं, सर, मला समजून घ्यायचं नाही. जिंकायचं आहे.

"मग दोन वाटा. उपमा मोडा. ते कठीण, लोकांना तेवढा धीर नसतो. नाहीतर तीच उपमा उलटी फिरवा. ते सोपं. पण जयलक्ष्मी, फिरवली म्हणजे तुम्ही ती मान्य केली."

मी दुसरी वाट घेणार. सरांना तसं सांगितलं नाही.

३ जून

गंगाधररावांचं तोंड पडलेलं बघायचं आहे. चार माणसांत. बाकी काही नको!

५ जून

सापडलं!

आई वनजाचा पंचा उकळायला घेत होती. म्हणाली, "गिरणीची खळ भरलीय नुसती. कोऱ्याला रंग कुठला धरायला?" मी तिथेच मोठ्याने हसले. आई घाबरली. "काय झालं गं तुला?"

हे आमच्या घरातलं पोरही सांगेल. नव्या कापडाची आधी खळ काढायची, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, मग तुरटी. तेव्हा कुठे मंजिष्ठेचा लाल धरतो. कोरं कापड तसंच रंगात घातलं तर पहिल्या धुण्यात सगळं वाहून जातं. आणि रंगाऱ्यांचा अध्यक्ष भर सभेत म्हणतो, कोरं आहे तोवर द्या! इतकी वर्षं तयार कापड विकून विसरला माणूस.

११ जून

पंच्याचे मधोमध दोन तुकडे केले. एक गंगाधररावांच्या सांगण्याप्रमाणे कोराच रंगवला. दुसरा हिरडा आणि तुरटी देऊन. दोन्ही धुऊन वाळत टाकले. पहिला — कुठे गुलाबी, कुठे पांढरा, सरड्याच्या पाठीसारखा! दुसरा जास्वंदीसारखा लाल. बघून माझं मन भरेना.

वनजा शाळेतून दाखला घेऊन आली. दोरीकडे बघत राहिली. "अक्का, माझं बक्षीस होतं ते. फाडायच्या आधी मला विचारायचं तरी."

मी म्हटलं, तुझ्यासाठीच चाललंय सगळं.

"माझ्यासाठी की गंगाधररावांसाठी?"

कारटी! तिला काय कळतंय.

१८ जून, ज्येष्ठ पौर्णिमा

सूड याला म्हणतात!

सगळ्यांचे पंचे देवीपुढे ठेवून झाले. मग मी बायकांच्या बाजूने उठून पुढे गेले. आधी सरडा उलगडला. "हे अध्यक्षांच्या दुकानातलं कापड. त्यांनी सांगितलं तसं कोरंच रंगवलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "अय्यो! हा कसला रंग?"

मग दुसरा उलगडला. "हे त्याच पंच्यातलं. याला आधी हिरडा दिला. मुलगी कापड असेल तर शिक्षण हा तिचा हिरडा आहे. त्यावर सासरचा रंगही पक्का बसतो. कोरं देऊन बघा, पहिल्या धुण्यात काय होतं ते!"

मग म्हातारे रघुनाथराव मांडीवर थाप मारून हसायला लागले. "गंगाधरा, रंगाऱ्याच्या पोटी जन्मलास, आणि हिरडा विसरलास, अलवा, होय ना?" सगळा हॉल हसला. गंगाधररावांचे कान माझ्या लाल तुकड्यासारखे! ते उपरण्याने चेहरा पुसत बसले. मी बघत राहिले. पोटभर बघितलं.

मंडी मोहल्ल्यातून घरी येताना अप्पा वाटेतल्या प्रत्येकाला थांबवून सांगत होते. "आमची जया बोलली! हिरडा म्हणाली!"

१९ जून

अप्पांनी देवळीतून अर्ज काढला आणि सही केली. वनजा रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

सरांना कळवायला गेले. ऐकून म्हणाले, "छान. म्हणजे आता सगळा समाज मानतो, मुलगी कापड आहे." आणि कॉफी मागवली.

सरांना प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवयच आहे. जिंकले ते जिंकले.

२४ जून

गंगाधरराव बायकोला घेऊन घरी आले. हातात पान-सुपारी, फुलं. मला वाटलं भांडायला आले. मी तयार होते. पण ते हसत होते!

"हरलो, पोरी. चार माणसांत मला धंदा शिकवलास." मग अप्पांकडे वळून, "जगन्नाथराव, एक विचारू? हिरडा दिलेलं कापड घरात का ठेवलंय? पडून राहिलं तर काळं पडतं. आमच्या दामोदराला द्या."

दामोदर! बापाच्या दुकानात गज धरून बसतो. मी बोलते तेव्हा खाली जमिनीकडे बघतो.

मी म्हटलं, मला एम.ए. करायचं आहे.

गंगाधरराव अगदी प्रेमाने म्हणाले, "एकदा हिरडा पक्का बसल्यावर दुसऱ्यांदा कोण देतं?"

कुणी हसलं नाही. अप्पांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर तोच आनंद — कळलं, पटलं! आई हळद-कुंकू आणायला उठली.

गंगाधररावांनी माझाच हिरडा लावला. मला! वनजा दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघू शकले नाही.

२५ जून

सकाळी अप्पांना सांगितलं, मी कापड नाही.

ते रागावले नाहीत. खरोखरच गोंधळले. म्हणाले, "मग त्या दिवशी देवीपुढे कोण म्हणालं, जया?"