मुकुंदाने भरलेला खड्डा

वडीगोद्री,
ऑक्टोबर १९९६

प्रिय शरयू,

तुझं पत्र पोचलं. मंठ्याच्या स्थळाला नकार कळवतेस आणि दिवाळी झाली की परतूरहून इकडे परत येतेस, असं लिहिलंस. वाचून ह्यांनी डोळे पुसले आणि दोष चष्म्याला दिला. त्याचं उत्तर देतेच, पण आधी बागेची बातमी ऐक. सासूचं ऐकून घ्यायची सवय इतक्यात मोडली नसेल.

तू राखीला माहेरी गेलीस आणि मी मुकुंदाचा खताचा खड्डा उघडला. हो, मीच. वर्षभर ज्याच्याजवळ कुणाला फिरकू दिलं नाही, तोच. गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याने तो भरून शेणमातीने लिंपला, हात धुतले आणि मोटारसायकल काढून अंबडला गेला, वाटेतच अपघात झाला, तो परत आलाच नाही. पुढे त्या लिंपणाला तडा गेला की मी जाऊन बुजवत होते. तू बघायचीस.

तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी मोसंबीची पानं कशी झाली होती, आठवतं? शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं. ह्यांनी जस्ताचं खत आणून आळ्यात नुसतंच फेकलं. झाडं होती तशीच. मग बापलेकांची जुंपली. आपली जमीन चुनखडीची, ती जस्त आणि लोह आवळून बसते, मुळाला कणभर देत नाही, हे मुकुंद जेवताना भाकरीवर पिठलं थापून दाखवत होता. तेच जस्त आणि लोहासाठी हिराकस शेणखतात मिसळून मुरवलं, तर कुजलेल्या खतातला काळा ह्यूमस त्यांना धरून ठेवतो, चुन्याच्या हाती लागू देत नाही, आणि मूळ जवळ आलं की सोडून देतो. मी म्हटलं, धरायचं आणि सोडायचंही, हे कसलं रे धरणं? तर हसून म्हणाला, "आई, तुला न्हाई जमायचं ते." तू तेव्हा नवी होतीस. भाजीत मीठ विसरलीस की मी म्हणायचे, पोरगी अजून मुरायची आहे. आणि तो म्हणायचा, मंग खड्ड्यात घालू का? तू रुसून आत जायचीस.

खड्डा उघडताना वाटत होतं, त्याचं काहीतरी सापडेल. शेण, काडीकचरा, त्याने हाताने पसरलेले थर, सगळं एकजीव होऊन काळंभोर झालं होतं. वाससुद्धा नुसता मातीचा. त्याचं म्हणून काहीच ओळखू येईना. मी काठावर बसून फार रडले गं. आपला सालगडी बद्रीनाथ टोपली घेऊन उभाच होता. शेवटी म्हणाला, "माय, दादानं हे झाडायसाठी भरल्तं. घालून टाकू." मग मी पदर खोचला आणि त्याच्याबरोबर आळ्यांमध्ये खत घालत गेले. खड्डा पार रिकामा झाला.

काल बद्रीनाथ पळत आला, "माय, जल्दी चला, पानं पाहा." नवी पालवी हिरवीगार फुटली आहे. जुनी पिवळी पानं तशीच आहेत. ती काही सुधारत नाहीत, असं मुकुंदानेच सांगितलं होतं.

तर आता तुझ्या पत्राचं उत्तर. परत येऊ नकोस, शरयू. आमचं कसं होईल म्हणून नकार देऊ नकोस. अजून सकाळचा चहा माझ्या हातून चौघांचा टाकला जातो. तू आलीस तर मला काय वाटेल हे लिहीत बसले, तर हे पत्र पाठवणं व्हायचं नाही. मंठ्याचे मास्तर भले आहेत, आम्ही चौकशी केली. त्यांना होकार कळव. कन्यादान मी आणि हे करणार, तुझ्या वडिलांना तसं बजावून ठेव. आणि लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नवऱ्याला घेऊन इकडे यायचं, लेक येते तसं. मुकुंद म्हणाला होता, "आई, तुला न्हाई जमायचं ते." अजूनही धड जमत नाहीये, म्हणून पुन्हा न वाचताच बद्रीनाथकडून आजच टपालात टाकते आहे.

सासू म्हणून हे शेवटचं. यापुढे नुसती

तुझीच,
आई