हातभर रुमालाची हकिकत

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावरचाच गोड मानून घ्या, प्रत्यक्ष वाकले तर मला उठवायला दोन माणसं लागतात.) तुमचा खोकला बरा असेल. मामींचा काढा तुम्ही कुंडीत ओतता हे मला ठाऊक आहे, तेव्हा त्या झाडाचीही विचारपूस केली असं समजा. शुक्रवारी तुम्ही रुमाल मोजायला शाळेत येणार असं कळलं, म्हणून हे पत्र.

नदीपलीकडची शाळा बंद होऊन तिथली मुलं आमच्याकडे आली, तेव्हापासून डबा खायलासुद्धा दोन गट दोन भिंतींना टेकून बसायचे. मोठ्या बाईंनी तोडगा काढला: आपल्या मुलांनी त्यांचा परंपरेचा नाच शिकायचा, त्यांच्या मुलांनी आपला. शिकवायला पलीकडच्या एक आजी आल्या. पण त्यांचा नाच पडला गोलातला, हात धरून करायचा. पालक समितीचे अध्यक्ष म्हणून तुम्ही हरकत घेतलीत (माझ्या शिवणाच्या वर्गात मशीन चालू असूनही तुमचा आवाज स्पष्ट येत होता), आणि पलीकडचे दोन काकाही तावातावाने उभे राहिले. हात धरायचे नाहीत, यावर मात्र दोन्ही बाजूंचं पहिल्यांदाच एकमत झालं. मग ठरलं, हाताऐवजी रुमालाची टोकं धरायची, रुमाल हातभर लांब, आणि कमी भरला तर नाचाचा तास बंद. ते चाळीस रुमाल अर्थातच माझ्या गळ्यात पडले.

मामा, हातभर रुमालांनी जीव नकोसा केला. गोल एवढा फुगला की अर्धी मुलं व्हरांड्यात नाचू लागली (तिथे गाणं ऐकू येईना, मग ती आपल्या मनाने नाचत). शिपाईकाका पाण्याची बादली घेऊन मधून निघाले ते रुमालात अडकून आडवे झाले. आजी शेवटी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "बाई, शेजारच्याचा ठेका आम्हाला तळहातातून कळतो. कापडातून काय कळणार, कपाळ?" आयुष्यभर कापड हाताळलेली मी, मुकाट्याने रुमाल गोळा करून पिशवीत भरू लागले.

रुमाल धुवायला मी घरी नेते. पहिल्या धुण्यात ते चार बोटं आटले. नवं कापड, आटायचंच. दुसऱ्या धुण्यातही आटले. पाच आठवडे, पाच धुणी. आता रुमाल जेमतेम चार बोटांवर आलाय. गोल वर्गात मावतो, डबे एकाच बाकावर उघडतात, आणि पलीकडची पोरं आपला नाच आपल्या पोरांपेक्षा बरा करतात. मला ते फार आवडलं, थोडं झोंबलंही. असो. कापडाच्या दुकानदाराला बोल लावू नका, एवढंच सांगणं. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. कापड उत्तम आहे. पाचही धुण्यांत कात्री माझीच होती.

ता. क. २: तुमची नात मंगळवारी पलीकडच्या मुलीचा हात धरून सबंध नाच नाचली. रुमाल खिशात होता. मी जवळ जाऊन विचारलं तर म्हणाली, "आत्या, तो मध्ये येतो." तेव्हा शुक्रवारी टेप जरूर आणा, पण आधी एकदा नाच पुरा बघा. त्यानंतरही तास बंद करायचा असेल, तर तिला ते तुम्हीच सांगा, मामा. माझ्याने होणार नाही.