रोजेदार रक्तपिशाच

५ जून

हसले! घाबरायचं सोडून हसले मेले!

भयपटवेड्या पोरांच्या मंडळासाठी आज रम्ल स्थानकाजवळच्या थिएटरात माझ्या सिनेमाचा खास खेळ ठेवला होता. रक्तपिशाच झालेले बाबा पडद्यावर शवपेटीतून उठले तेव्हा सगळे चिडीचूप. मग पहिला खून, दुसरा खून, इन्स्पेक्टरचा तपास, आणि रक्त पिण्याचं नाव नाही. रक्तपिशाच पेला उचलतो, पाठ फिरवतो. बस! मागून एकजण ओरडला, "काका, रोजा सोडायला मगरिबची बांग व्हायची आहे का अजून?" पुढे सगळी करमणूक त्यांचीच. "याच्यापेक्षा इन्स्पेक्टर चहा जास्त पितो!" जाताना नाव ठेवून गेले: रोजेदार रक्तपिशाच.

बाबा माझ्या शेजारीच बसले होते.

६ जून

थिएटरचे मालक रिफ्अत यांनी बोलावून घेतलं. "नश्वाबाई, बकरी ईदला हे लावलं तर लोक खुर्च्या फेकतील माझ्यावर. तो पितोय असं एक तरी दृश्य द्या. तेराला संध्याकाळपर्यंत. नाहीतर मी आपला विनोदी सिनेमा लावतो."

चाळीस वर्षं बाबांनी प्रेतं केली, वेटर केले, दरवान केले. पडद्यावर नाव एकदाही नाही. हा सिनेमा मी त्यांच्यासाठीच लिहिला. ईदच्या गर्दीने एकदा त्यांचं नाव वाचावं, एवढंच. हा पडला तर त्यांना पुन्हा कोण विचारणार? मला तरी कोण विचारणार?

आणि सगळं कशामुळे? चित्रीकरणाला बंगला फक्त रमजानमध्ये मिळाला, तोही दिवसाचा. खिडक्यांना काळं कापड लावून रात्र केली. रक्त म्हणून जास्वंदीचं सरबत. बाबांचं एकच, "रोजा आहे गं, बाळा." मगरिबनंतर घेऊ म्हटलं, तर बांग झाली की खिशात खजूर टाकून मशिदीकडे पसार! आमचा कॅमेरावाला गिर्गिस ख्रिश्चन. तो म्हणायचा, "मला कुठे रोजा आहे? मीच होतो रक्तपिशाच!" तेव्हा मीही हसले होते.

७ जून

बाबांना विचारलं. "हजचा महिना लागला ना. आजपासून नऊ रोजे धरतोय."

डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

९ जून

भांडण. नको ते बोलले. "एक घोट, बाबा! तोही मगरिबनंतर! तुम्हाला माझा सिनेमा बुडवायचाच आहे का?" ते शर्टाची बटणं लावत राहिले. शर्ट नुसता लोंबतोय अंगावर. रोजे करून करून हाडं उरलीत. पिशाच म्हणून शोभतात, तेवढं मात्र खरं.

चित्रीकरणातला त्यांचा कोट धुवायला काढला. खिशात रमजानमधले खजूर, मूठभर. वाळून दगड झालेले. विसरभोळे झालेत अगदी.

११ जून

रिफ्अत यांचा फोन. "पोस्टर उतरवायला माणूस सांगू का?" देवा, काय करू मी!

१२ जून

बाबा आपणहून आले! "चल. मगरिब झाली की घे. पण एकदाच हं, पुन्हा नाही करणार."

घरातच काळं कापड लावून घेतलं, आणि काय टेक दिला! पेला ओठाशी नेला, एकदम ठसका लागला, आणि तोंडातून लाल धार. हनुवटीवरून थेट शर्टावर! तरी पेला हातात स्थिर, नजर कॅमेऱ्यात. गिर्गिसने श्वास रोखून धरला होता. मग सगळ्यांच्या टाळ्या! मी बाबांना मिठीच मारली. "झालं ना मनासारखं?" म्हणाले, आणि रुमालाने तोंड पुसत बसले. कितीतरी वेळ पुसत होते.

रिफ्अत यांना लगेच दाखवलं. उडालेच! "ईदला रोज पाच खेळ, नश्वाबाई!"

बाबांवर उगाच चिडले. उद्या त्यांच्या आवडीचं कबूतर करते, भात भरून.

१३ जून

दृश्य जोडायला बसले. शेवटी बाबा पेला टेबलावर ठेवतात. पेला काठोकाठ भरलेला. पुन्हा पाहिलं. पुन्हा. सरबत थेंबभरही कमी झालेलं नाही.

मग शर्टावरचं ते लाल?

बाबांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी आधी मला शेजारी बसवलं. मग म्हणाले, "रमजानच्या आधीपासून घशाखाली धड काही उतरत नाही. पातळ डाळ तेवढी, तीही चमचा चमचा. रोज्यांचं बरं असतं, कुणी खा म्हणून मागे लागत नाही. आणि तुला सांगितलं असतं तर तू दुसरा नट घेतला असतास."

सकाळी डॉक्टर. मला फार भीती वाटतेय.

रिफ्अत यांचा निरोप आलाय. पोस्टरवर बाबांचं नाव केवढं मोठं हवं, विचारतायत.