त्यांच्या वाटणीची भाकरी

१ ऑक्टोबर, मंगळवार

कुटके आज झकास झाले! रात्रीची भाकरी बारीक कुस्करली, कांदा-लसूण, शेंगदाणे हात सैल सोडून, वरून कोथिंबीर. आत्यांनी बोटं चाटून ताट स्वच्छ केलं. सासू असून नावं ठेवली नाहीत म्हणजे पावलंच.

भाकरी आमच्याकडं रोज एक उरते. उरते म्हणजे काय, आत्या ती उरवतात. "मोनी, एक जास्तीची थाप गं. अवचित आला धनाजी तर उपाशी निजंल का?" धनाजी म्हणजे त्यांचा एकुलता लेक. माझे हे. माघात ट्रकमध्ये हैदराबादचा माल भरून गेले, आठवा महिना लागला. फोन बंद. पोलीस ठाण्यात फोटो देऊन आलो, तो तिथंच धूळ खात असेल.

म्हणून सकाळी कुटके. त्यांच्या वाटणीचे, दोघींत. आणि चवीला लागतात, हेच मेलं अवघड आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

भुईमुगाचा सरवा वेचायला गेलो. रान काढून झालं की मातीत राहिलेल्या शेंगा ज्यानं वेचल्या त्याच्या. आत्यांना वाकवत नाही. बांधावर बसून नुसता हुकूम – "ती बघ तिकडं! अगं डोळं हैत का बटनं?" मी म्हटलं, बटणंच आहेत, शिवणारीची आहेत. इतक्या हसल्या की ठसका लागला.

पाटीभर निघाल्या. मीठ टाकून उकडल्या, ओसरीवर टरफलांचा ढीग घातला. आठ महिन्यांत पहिल्यांदा पोट दुखेपर्यंत हसलो.

मग एकदम दोघींनी टरफलं गोळा करायला घेतली. नवरा बेपत्ता, पोरगा बेपत्ता, आणि आपण शेंगा खात खिदळतोय – हेच दोघींच्या मनात आलं असणार. लाज वाटली.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर मशिनीवर. दिवाळीचे ब्लाउज आत्ताच यायला लागले. पाठ गेली. गवती चहा मात्र अंगणातला, ताजा!

११ ऑक्टोबर, शुक्रवार

तारामतीवहिनींकडं सवाष्णी जेवल्या. भिंतीला भिंत लागून घर. लग्न झाल्यापासून अकरा नवरात्रं त्यांच्या पाच सवाष्णींत मी असायचेच. यंदा पुरणाचा वास आला, बोलावणं नाही आलं.

गळ्यात मंगळसूत्र आहे, कपाळाला कुंकू आहे. ते कुणी पुसलेलं नाही! पण लोकांनी मनातनं पुसून टाकलंय.

आत्यांना कळलं असणारच. संध्याकाळी मूठभर डाळ शिजवून स्वतः पुरण वाटलं आणि एकच पोळी केली. माझ्यापुरती. "खा. माझ्या घरची सवाष्ण हायेस तू."

१३ ऑक्टोबर, रविवार

ज्वारीच्या पिंपात सीताफळं घातलीत. बालाघाटावरनं पाटी घेऊन बाई आली होती, एक ब्लाउज शिवून दिला, तिनं पदर भरून दिली. डोळा पडलाय, परवापर्यंत मऊ होतील. दिवसातनं चारदा हात घालून चाचपते. आत्या म्हणतात, "तुझ्या चाचपण्यानंच पिकत्याल!"

१५ ऑक्टोबर, मंगळवार

उमरग्याकडून, कर्नाटकातनं माणसांचा पूर लोटलाय, उद्याच्या पुनवेला तुळजापूर गाठायचं म्हणून. आपलं जळकोट वाटेवरच. आत्या सकाळपासून सडकेला घागर घेऊन बसल्या. चालणाऱ्यांना पाणी पाजते म्हणाल्या. पाजत होत्या, पण डोळे भांड्यावर नव्हते. एकेक तोंड बघत होत्या.

दुपारी जेवायला बोलवायला गेले तर म्हणाल्या, "जरा थांब. अजून लई मानसं यायचीत."

उन्हात उभी राहिले तशीच.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कोजागरी. अर्धा लिटर दूध, साखर बेतानं, वेलदोडा एकच. सीताफळ अगदी साखर! आत्यांनी मोठं फळ बाजूला काढून ठेवलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आज बिराप्पा आले, बायकोचे ब्लाउज न्यायला. ट्रकवर असतात, ह्यांच्या बरोबरीचे. पिशवी हातात घेऊनही जाईनात. आत्या दळण आणायला गेल्या आहेत हे बघून घेतलं, मग खाली मान घालून –

"वैनी, सांगावं का न्हाय कळंना. धनाजी भेटला मला. हुमनाबादला."

मी खुर्चीतनं उठलेच. बरे आहेत का? लागलंय का? कुठल्या दवाखान्यात?

"बरा हाय. टेम्पो चालवतो." मग पिशवी या हातातनं त्या हातात घेतली. "घर केलंय त्यानं तिथं. बाई हाय. अन् खांद्यावर पोरगी व्हती. तीन वर्साची आसंल. पप्पा म्हनत व्हती." आणि जाता जाता – "कुनाला सांगू नगं म्हनला."

तीन वर्षांची.

म्हणजे इथं महिन्यातनं आठ दिवस यायचे, माझ्या हातचं जेवायचे, तेव्हाही ती होती. आम्हाला मूल नाही म्हणून मी सोमवार धरले. दोघं मिळून सोलापूरच्या डॉक्टरकडं गेलो, येताना ह्यांनी मला उसाचा रस पाजला. तेव्हाही होती!

आत्या दळण घेऊन आल्या. पीठ गरम होतं. डब्यात भरून ठेवलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कुटके केले. आत्या म्हणाल्या, "मीठ इसरलीस व्हय?"

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मेला असता तर बरं झालं असतं.

लिहिलं खरं. खोडणार नाही. मेलेल्या माणसासाठी रडता तरी येतं, चारचौघी येऊन बसतात. मी कुणाच्या गळ्यात पडू? आणि काय सांगून? सोडून दिलेली म्हणून?

आत्यांना सांगणं माझ्याच्यानं होत नाही. वाट बघणं एवढंच उरलंय त्या म्हातारीला. तेही मी काढून घेऊ? रोज संध्याकाळी ती जास्तीची भाकरी मीच थापते. रागानं तव्यावर आदळते. आज मुद्दाम करपवली. आत्यांनी करपलेली स्वतः घेतली आणि आपली चांगली त्याच्यासाठी फडक्यात बांधली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

ब्लाउजच्या चिंध्यांचा आकाशकंदील केला. जरीचे काठ, मोरपंखी, डाळिंबी. सुरेख झालाय. आत्यांनी टाळी वाजवली. मी न्हाणीत जाऊन रडले.

२८ ऑक्टोबर, सोमवार

सगळं आजच व्हायचं होतं.

दुपारी आत्या चकलीच्या भाजणीची डाळ निवडत होत्या. तारामतीवहिनी आल्या, उंबऱ्यातच थांबल्या. "आत्याबाई, राग मानू नगा. औंदा फराळ आमी आनून देऊ का?"

ह्याचा अर्थ गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतो. वर्षात घरचं माणूस गेलं की त्या दिवाळीला तळण करत नाहीत. शेजारीपाजारी फराळ आणून देतात. तो घेतला की माणूस गेलं, हे घरानं कबूल केलं.

आत्यांचं सूप खाली. डाळ ओसरीभर. "माझा लेक जिता हाय! कुनाचं सुतक घालतीस माझ्या घरात? चाल, हो भाईर!"

वहिनी रडतच गेल्या. त्यांचं तरी काय चुकलं, वाईट हेतूनं नव्हत्या आल्या. आत्या फरशीवर बसून एकेक डाळ वेचायला लागल्या आणि तोंडानं एकच – "जिता हाय. जिता हाय माझा."

मला सोसवेना. समोर बसले आणि म्हटलं, आत्या, खरं आहे तुमचं. जिवंत आहेत. मग सगळंच सांगितलं. हुमनाबाद. टेम्पो. बाई. पोरगी. कुणाला सांगू नको म्हणाले, तेही.

वाटलं, मला मारतील. किंवा म्हणतील, आण त्याला, आणि त्या पोरीलाही. म्हणाल्या असत्या तर काय केलं असतं मी?

बराच वेळ डाळ वेचत राहिल्या.

"नाव काय पोरीचं?"

माहीत नाही म्हटलं.

"तुला कवा कळलं?"

आठ दिवस झाले.

"आठ दिस एकलीच वागवलंस गं," म्हणाल्या आणि माझं डोकं धरून मांडीवर घेतलं. माझी आई गेल्यापासून असं कुणी घेतलं नव्हतं. मी ओरडून रडले. त्या रडल्या नाहीत.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी आत्या अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून तारामतीवहिनींच्या दारात गेल्या. भिंतीआडून शब्द न् शब्द ऐकू आला.

"तारा, काल वंगाळ बोलले. फराळ आन गं बाई. धनाजी गेला माझा."

वहिनींनी हंबरडा फोडला. "कुनी सांगितलं वो? खरं हाय का?"

"मी त्याची आई हाय. मी सांगते."

मी आत उभी होते. बाहेर जाऊन खोटं आहे म्हणाले नाही.